बॉनेट उघडण्याआधी लेख तरी उघडायचा होता : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंजिनची साफसफाई घरच्या घरी कशी करावी, या माझ्या लेखावर ‘एक जाणकार’ अशा नावाने प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबलंय, म्हणून ते वेगळं टाकतोय. आधी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देतो, नंतर काटछाट केली असा आळ नको:

“लेख वाचून हसावं की रडावं कळेना. लातूरकडे माणसांना प्यायला पाणी नाही आणि तिथून इंजिनं धुवायचे सल्ले येतात! इंजिनवर पाणी मारणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. ईसीयूत पाणी गेलं की बसा बोंबलत. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात ते वेगळंच. तेलकट घाण डिझेलनेही निघते, त्याला डिग्रीजरची चैन कशाला? मुळात घाणेरडं इंजिनही तेवढंच पळतं. ज्याचं काम त्याने करावं, सर्व्हिस सेंटर कशाला काढलेत? लेख काढून टाका, कुणाचं तरी नुकसान होईल.”

नमस्कार जाणकार साहेब.

माझं चुकलं तर लोक इथे येऊन सांगतात. परभणीचे एक वाचक तर प्रत्येक लेखात काही ना काही काढतातच, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. पण ते “सर, इथे जरा तपासून घ्या” असं म्हणतात. तुम्ही आल्या आल्या अडाणी ठरवून मोकळे झालात. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याच्या दारात कधी गेलो नाही, त्याला पहिल्याच भेटीत असं बोलायची आमच्याकडे तरी रीत नाही. असो. तुम्ही लिहिलंत, मी वाचलं. आता मी लिहितो, तुम्ही वाचा. यावेळी पूर्ण वाचा, एवढीच विनंती.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी देऊन टाकतो. बोअरच्या पाण्याचे डाग पडतात, शंभर टक्के मान्य. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं, बादलीच्या कडेला जो पांढरा थर चढतो तोच बॉनेटखालच्या काळ्या प्लास्टिकवर चढतो. लेखात ही ओळ नव्हती, ती घालतो. उपाय सोपा आहे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बाटलीत धरायचं, त्यात क्षार जवळपास नसतात. घरी जारचं पाणी येत असेल तर तेही चालतं. मात्र आरओच्या मशिनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते अजिबात वापरू नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. झालं, तुमचा मुद्दा संपला.

आता ते वाक्य. “लातूरकडे माणसांना प्यायला पाणी नाही.”

साहेब, हे तुम्ही मला सांगताय? २०१६ साली मी लातुरातच होतो. धनेगावचं मांजरा धरण तळाला गेलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावावं लागलं, कारण टँकर भरायच्या जागी माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं, पुढे एकेका गाडीला पन्नास वाघिणी, म्हणजे पंचवीस लाख लिटर. तुम्ही ती गाडी टीव्हीवर पाहिली असेल. आमच्या गल्लीत लोक त्या पाण्याचा हिशोब करत होते, आपल्या भागाला कधी सुटणार, किती वेळ सुटणार. आमच्या घरी आंघोळ परातीत बसून व्हायची, ते पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला. आमच्या आईने त्या उन्हाळ्यात घरातले सगळे तांबे लपवून ठेवले होते, कायकी तांब्या हाताशी आला की माणूस भरून घेतो. चहाच्या कपाने पाणी काढायचं, असा हुकूम होता. ती अजूनही नळ ठिबकताना दिसला की झोपेतून उठते.

अशा घरातला माणूस पाईप लावून इंजिन धुवायला सांगेल, असं तुम्हाला वाटलंच कसं?

लेखात पाणी किती सांगितलंय ते तुम्ही पाहिलं नाही, ते मीच सांगतो. एक लिटरची फवारणीची बाटली. बायका इस्त्री करताना कपड्यांवर मारतात ती. तीही सगळी संपत नाही. पाईप नाही, बादली नाही, प्रेशरची बंदूक तर मुळीच नाही. आणि ज्या वॉशिंगवर गाडी सोडायला तुम्ही सांगताय, तिथली बंदूक मिनिटाला आठ-दहा लिटर सहज ओढते. तिथलं पाणी काय आभाळातून पडतं? तेही बोअरचंच असतं, फक्त आपल्या अंगणातलं नसतं, म्हणून डोळ्याला दिसत नाही.

पाणी कमी का लागतं, तेही सांगायला हवं, कारण गमक तिथेच आहे. आपल्याकडची घाण कोरडी असते. कोकणातली गाडी उघडून पाहा, तिथे ओल, शेवाळ आणि गंज. इथे बॉनेट उघडलं की काळ्या रानातला फुफाटा, अगदी पिठासारखा बारीक, आणि त्यावर हंगामाप्रमाणे जे उडत असेल ते. दिवाळीच्या आसपास हार्वेस्टर आणि मळणीयंत्रं चालू झाली की सोयाबीनची गुळी. जालना-परभणीकडे जिनिंगच्या दिवसांत कापूस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना लटकलेला असतो तोच तुमच्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत. गाळप सुरू झालं की उसाचं पाचट. आणि घर मोकळ्यावर असेल तर त्या पाचटाचं घरटं करणारे उंदीर. इंजिनच्या कव्हरखाली, वायरिंगला लागून, ऊब बघून बसतात. वाळलेलं पाचट आणि तापलेला सायलेन्सरचा पाईप इतक्या जवळ असणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. आता मला सांगा, यातलं काय पाण्याने निघतं? फुफाट्यावर पाणी मारलं की चिखल होतो, आणि तो चिखल जिथे फुंकर पोचली असती तिथेही वाळून बसतो.

म्हणून लेखात पाणी सगळ्यात शेवटी आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो सकाळी, आधी हाताने पाला, पाचट, कापूस काढायचा. काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिच्यात कडुनिंबाचा पाला अडकतो, तो काढला नाही तर पावसाळ्यात निचरा तुंबतो आणि पाणी पायाशी गाडीत उतरतं. मग हवा. ब्लोअर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जा. हवा इंजिनच्या बाजूने पुढे मारायची, म्हणजे रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर यांत अडकलेलं बाहेर ढकललं जातं. नळी फार जवळ न्यायची नाही, ती पत्र्याची नाजूक पानं लगेच दुमडतात. एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरून घेणाऱ्या कितीतरी गाड्यांचं दुखणं त्या जाळीत असतं. त्यानंतर दोन इंची रंगाचा ब्रश, कोरडाच. इथवर थेंबभर पाणी लागलेलं नाही आणि तीन हिस्से घाण गेलेली असते.

राहतं ते तेलकट. त्याआधी बॅटरी सोडवायची, आधी मायनस, मग प्लस. कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर तिथेच ठिणगी. जोडताना उलट, मायनस शेवटी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, प्लगला ठिणगी देणारी कॉइल, ईसीयूचा (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) जोड, हे सगळं कॅरीबॅगने बांधून घ्यायचं. मग डिग्रीजर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण, ब्रशवर मारायचं, इंजिनवर नाही. घासायचं, बाटलीतून जरासा फवारा, आणि वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. याला तुम्ही ‘इंजिनवर पाणी मारणं’ म्हणत असाल तर घाम पुसण्याला आंघोळ म्हणावं लागेल.

ईसीयूबद्दल लेखात आख्खा परिच्छेद आहे. तुम्ही तो वाचला नाही, त्याला माझा इलाज नाही. थोडक्यात एवढंच, बॉनेटखालच्या जोडांना रबरी सील असतात, पावसाचे शिंतोडे ते सोसतात. जवळून मारलेली बंदूक सोसणं ही वेगळी परीक्षा आहे. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा; आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि जोरदार गरम फवाऱ्यासाठी आयपी६९के असा वेगळाच दर्जा असतो. पहिली परीक्षा पास म्हणून दुसरीही पास, असं होत नाही. म्हणजे तुमची भीती खरी आहे, पण ती तुम्ही सुचवलेल्या जागेबद्दल खरी आहे.

कारण ज्याचं काम त्याने करावं म्हणता ना, ते मी करून पाहिलंय. एका सर्व्हिस सेंटरमध्ये, नाव घेत नाही, बिलात इंजिन क्लीनिंगची वेगळी ओळ होती. गाडी चकाचक मिळाली आणि औसा रोडला येईपर्यंत थरथरायला लागली, मीटरमध्ये पिवळा दिवा. फोन केला तर म्हणे, सर, तुमची कॉइल आधीच वीक असेल. आमच्या मिस्त्रीने कॉइल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. हवा मारून काढलं, कॉइल पुसून वाळवून बसवली, गाडी सुतासारखी सरळ. त्या दिवसापासून माझ्या गाडीच्या बॉनेटखाली मी कुणाला बंदूक घेऊन फिरकू दिलेलं नाही. तुम्ही खुशाल द्या, गाडी तुमची आहे.

डिझेलचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण कुणी खरंच करून बसेल. माझ्या चुलत्यांचं गॅरेज होतं. माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्यांच्या हाताखाली पाने देण्यात गेल्या, तेव्हा जाणकारी म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं. काका सुटे लोखंडी पार्ट ट्रेमध्ये डिझेलने धुवायचे, वाळवायचे आणि मगच बसवायचे. जोडलेल्या इंजिनवर डिझेल फवारणाऱ्याला ते दारात उभं करायचे नाहीत. कूलंटचे होज आणि पट्टे ज्या रबराचे असतात त्यातलं बरंचसं खनिज तेलाने फुगतं, मऊ पडतं. वरून डिझेल लवकर उडून जात नाही, त्याचा ओशट थर राहतो आणि पुढच्या फुफाट्याला चिकटायला जागा मिळते. आणि हे सगळं गरम होणाऱ्या पाईपच्या शेजारी! ट्रॅक्टरवर असे फवारे मारणारी मंडळी आहेत, मला माहीत आहे. त्यांच्या ट्रॅक्टरवर नळ्या किती आणि तुमच्या गाडीत किती, ते एकदा मोजा. डिग्रीजरला चैन म्हणणारा माणूस मला अडाणी म्हणतो, आता यावर मी हसू की रडू?

घाणेरडं इंजिनही तेवढंच पळतं, म्हणता. पळतं की. मी कुठे नाही म्हटलं? टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल गळायला लागलं तर स्वच्छ इंजिनवर पहिल्याच आठवड्यात दिसतं, घाणीत दिसत नाही, एवढंच आहे ते. ज्याला बघायचं नाही त्याने बॉनेट उघडू नये, माझा काही आग्रह नाही.

सोलापूरच्या एका ताईंनी त्याच लेखाखाली विचारलं होतं की बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कशी काढायची. तुमच्या गदारोळात त्यांचं उत्तर राहून गेलं. ताई, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येईल, घाबरू नका, आम्ल मरतंय. बॅटरीच्या झाकणाच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, वाळवून वरून पेट्रोलियम जेली लावा. हातमोजे घाला.

राहिला लेख काढून टाकायचा हुकूम. लेख काढणार नाही. बोअरच्या पाण्याची ओळ आज रात्री घालतो आणि “एका वाचकांच्या सूचनेवरून” असं लिहितो. तुमचं नाव टाकायला हरकत नव्हती, पण ते तुम्ही दिलेलंच नाही.