गोळी दिली, तपासणी कधी?

फेब्रुवारी-ऑगस्ट आला की आमच्या शहाद्याच्या ग्रुपवर शाळेत वाटतात त्या जंताच्या गोळीचा वाद पेटतो. कुठेतरी गोळी खाऊन पोरांना उलट्या झाल्याची बातमी फिरते. मग ‘आमच्या पोराला नको’ म्हणणारे एकीकडे, ‘आता घरोघरी संडास झाले, गोळी कशाला?’ म्हणणारे दुसरीकडे. इकडे दक्षिण कोरियात, सोलमध्ये बसून हे वाचताना जीव तुटतो, कारण वर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या पोरांबद्दल कुणीच बोलत नाही.

गोळी द्यायलाच हवी. पोटात जंत जास्त असतील तर थोडं मळमळतं, ते ओसरतं. आकडीजंत अनवाणी पायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. आधीच फिकट असलेली पोरगी मग वर्गात पेंगणारच. संडासाचं म्हणाल, तर झऱ्यावरून डोक्यावर चढवलेला हंडा त्यात कोण ओतणार?

पण गोळीवर थांबू नये, हे मला कोरियाने शिकवलं. इथेही मैला खत म्हणून शेतात जायचा. 1963 मध्ये जोंजूच्या इस्पितळात नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटातून हजाराहून जास्त गोल जंत निघाले. ती वाचली नाही. पुढच्याच वर्षी जंतनिर्मूलनाची संघटना उभी राहिली, 1966 मध्ये कायदा झाला आणि 1969 पासून शाळकरी मुलांच्या शौचाची वर्षातून दोनदा तपासणी होऊ लागली. शेजारच्या आजी गांगवॉनच्या डोंगरातल्या. त्या सांगतात, शौचाचा नमुना आणायला शाळेतून नाव घातलेलं पाकीट मिळायचं. सकाळी ज्याला झालीच नाही, तो मित्राकडून उसनी आणायचा. मग गुरुजी भर वर्गात जंत निघालेल्यांची नावं वाचत आणि गोळ्या समोरच गिळायला लावत. त्या नावं वाचण्याचा राग आजींना आजही आहे, आणि तो रास्त आहे.

1971 मध्ये इथे 84.3 टक्के लोकांत परजीवींची अंडी सापडली होती, 1997 मध्ये 2.4 टक्के. यात रासायनिक खतं, संडास, सुबत्ता यांचाही वाटा आहेच.

आपल्याकडे 2015 पासून वय पाहून सरसकट गोळी देतात. तेही बरोबर, प्रत्येकाची तपासणी गोळीपेक्षा महाग पडते. पण सातपुड्यातल्या आश्रमशाळांत दरवर्षी थोड्या मुलांची तरी तपासणी करा, आणि नावं न घेता आकडा पालकांपुढे ठेवा. गोळ्या देऊनही तो उतरत नसेल, तर आधी नळाचं पाणी आणि पायात चपला द्या, हे ग्रामसभेला ठणकावून सांगता येईल.