सही घेतली म्हणजे संमती मिळाली का?
"पहिल्या दिवशी फॉर्मवर सही घेतली की संमतीचा प्रश्न मिटतो" हे पट्टा आवळून करायच्या व्यायामावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सांगलीतल्या एका सेंटरमध्ये तिच्या मांडीला पट्टा आवळून व्यायाम सुरू केला. फॉर्म इंग्रजीत, आई सातवी शिकलेली. तिला बीपी आहे, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत. कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी पाय बधिर झाला तरी ती गप्प. "त्यांनी बांधलंय, आपण कसं सोडा म्हणायचं?"

पट्ट्यानं पायातला रक्तप्रवाह कमी करून हलक्या वजनाचा व्यायाम करायची ही पद्धत वाईट नाही. रक्तप्रवाह पूर्ण थांबवणाऱ्या दाबाच्या साधारण ४० ते ८० टक्के दाब ठेवला, तर एरवी झेपणाऱ्या कमाल वजनाच्या २०-३० टक्क्यांवरही स्नायूंना ताकद येते. ऑपरेशननंतर हे फार मोलाचं आहे. पण पूर्वी रक्ताची गाठ झाली होती का, हे विचारायला हवं. त्रास झाला तर लगेच थांबवता येतं, हे मराठीत सांगायला हवं, तेही दर वेळी पट्टा आवळण्याआधी. पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमती वैध नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली या रुग्णाच्या डॉक्टरविरुद्धच्या खटल्यात २००८ मध्येच म्हटलंय. मिरजेच्या फिजिओ ताईंनी हे सगळं आधी समजावलं. आता आई स्वतःच म्हणते, "ताई, जरा ढिला करा."