कर्नल अपग्रेडचा शुभमुहूर्त

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड करायचाय? मुहूर्त सोमवारी सकाळी साडेनऊचा धरा, दहाची मीटिंग असताना. शनिवारी निवांत बसून अपग्रेड करणारी माणसं भित्री असतात.

उबुंटू या लिनक्सवर अपग्रेड चालू असताना डीकेएमएस, म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बिल्ड (सोर्समधून तयार) करणारं टूल, काहीतरी पुटपुटेल. नव्या कर्नलचे हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या फाइली) सापडत नाहीत, ग्राफिक्सचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, बिल्ड झालं नाही, वगैरे. दर कर्नलमागे मॉड्यूल आपोआप बिल्ड व्हावं, म्हणूनच डेलच्या मंडळींनी २००३ साली हे लिहिलं. त्याचं ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे? रीस्टार्ट मारा.

काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एकटी रेघ लुकलुकतेय. कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबलं तर कदाचित लॉगिन मिळेल, पण आधी पॉवर बटण चारदा दाबायचं. टीव्हीला थापट मारून चित्र आणणारी पिढी आपली.

मग कर्नलवाल्यांना शिव्या घाला. त्यांनी सोर्समध्येच 'स्टेबल एपीआय नॉन्सेन्स' नावाचं टिपण ठेवलंय: आतली रचना आम्ही बदलत राहणार, ड्रायव्हर टिकवायचा तर मुख्य सोर्समध्ये आणा. तुमचा ड्रायव्हर बाहेर राहतो, म्हणजे पोटभाडेकरू. मालकानं कुलूप बदललं की ह्यानं किल्ली नव्यानं घडवायची. एखाद्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढलं तरी बिल्ड कोसळतं. कुठे कोसळलं ते मेक डॉट लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. वॉर्निंगांच्या ढिगाऱ्यात खरी एरर एकच, म्हणून फक्त शेवटची ओळ वाचा. तिथे काहीच कळत नाही.

ग्रबमधून, म्हणजे बूट होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडला की सगळं दोन मिनिटांत ठीक होतं. म्हणूनच तो गेल्याच आठवड्यात जागा अडवतो म्हणून हातानं काढून टाकलेला असावा.

समजा, मॉड्यूल बिल्ड झालंच. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर खरी गंमत पुढेच. पहिल्यांदा मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवताना निळा पडदा येतो, कुठलंही बटण दाबा म्हणतो आणि दहा सेकंद मोजतो. तेवढ्यात चहा आणायला जा. वेळेत पोचलात, तर पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट'. एंटर. किल्ली नोंदवायची राहिली ती राहिलीच, आणि मॉड्यूल लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

आता नोमोडसेट लावा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरविना साध्या पडद्यावर बूट करा. आयकॉन पोळपाटाएवढे दिसतील. दहा वाजून सतरा मिनिटं झालीत. फोनवरून मीटिंगला या आणि सांगा, "सॉरी हां, इकडे नेटचा जरा प्रॉब्लेम आहे."