बार्बी म्हणजे कौतुक की टोमणा?

एका लेखात वाचलं की ‘बार्बी’ हा शब्द आता बायकांसाठी सर्रास वापरला जातो. खरंय, पण त्यातली गंमत लेखात राहून गेली. बाहुलीचं हे नाव मुळात एका माणसाचंच! रूथ हँडलर यांनी १९५९ साली मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीची ही बाहुली आणली तेव्हा नाव घेतलं ते स्वतःच्या मुलीचं, बार्बराचं. १९६१ साली आलेला बार्बीचा जोडीदार बाहुला केन, त्याचं नाव त्यांच्या मुलाचं. म्हणजे विशेषनाम खेळण्याला गेलं आणि सामान्यनाम होऊन माणसांकडे परत आलं.

अर्थ मात्र वयानुसार बदलतो. पाच वर्षांच्या पोरीला फ्रॉक घातल्यावर ‘अगदी बार्बी दिसतेस’ म्हटलं की ती गिरकी घेते. तिशीतल्या सहकारी बाईबद्दल ‘ती काय, नुसती बार्बी आहे’ म्हटलं की झालं, अक्कल शून्य ठरली. सगळी करामत त्या ‘नुसती’ची. ‘केन’ तर बहुतेक टिंगलीतच येतो.

आपल्याकडे ‘कळसूत्री बाहुली’ आहेच की, पण ती दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्याला, मग तो पुरुष का असेना. बार्बीत फक्त रूप उरलं. साडेअकरा इंचांच्या प्लास्टिकवर केवढं हे ओझं!