पेपर कुणी तपासला?

"परदेशात असंच असतं" हे वाक्य गेले काही महिने इतक्यांदा कानावर पडलंय की आता ते वाचलं तरी माझी चिडचिड होते. आमच्या बी.एस्सी.च्या बॅचच्या ग्रुपवर नव्या शैक्षणिक धोरणावरून दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, मार्च-एप्रिलमध्ये वर्षातून एकदा होणारी तीन तासांची परीक्षा हीच खरी परीक्षा. सेमिस्टर, क्रेडिट, मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) ही सगळी परदेशी खुळं, त्यांनी पोरांची वाट लावली. दुसऱ्या तटाचं म्हणणं, परदेशात असंच असतं, म्हणून तर ते देश पुढे गेले. दोघंही दाखला देतात तो परदेशाचा. त्या परदेशात, म्हणजे जर्मनीत, मी राहते, माझी मुलगी इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. पण मी काही लिहिलं की "तुला काय, तू तिकडे" एवढ्यावर विषय मिटतो.

वाद कशावरून पेटला तेही सांगते. महाराष्ट्रात स्वायत्त, म्हणजे आपली परीक्षा आपणच घेणाऱ्या, कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये त्याच्या पुढच्या वर्षापासून नवी रचना आली. एक वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. माझा भाचा याच रचनेत शिकतोय. त्याने पाठवलेलं वेळापत्रक मी दोनदा वाचलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस (कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा असले छोटे विषय), फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. त्याच्या केमिस्ट्रीच्या लेक्चरना आठवड्यात जेमतेम जागा उरलेली. जुन्या तटातल्या मित्रांचा संताप मला कळतो. पण त्यांना वाटतं तसा हा रोग सेमिस्टरने आलेला नाही, आणि क्रेडिटने तो बराही होणार नाही. पेपर काढतं कोण आणि तपासतं कोण, हे या साऱ्या भांडणात एकाही माणसाने विचारलेलं नाही.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ साली स्थापन झाली ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे शिकवायचं कॉलेजने आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १८६२ मध्ये मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघेजण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ही नावं घेतली की आमच्या ग्रुपवरचे जुने अभिमानी सुखावतात, "बघा, त्या परीक्षेने कसली माणसं दिली!" ती माणसं मोठी होती यात वाद नाही. पण त्या परीक्षापद्धतीबद्दल तक्रार जवळजवळ तितकीच जुनी आहे. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने म्हटलं की शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलंय, हाच इथल्या उच्च शिक्षणाचा सर्वांत मोठा दोष आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने लिहिलं की एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू.

मग बदललं काय? वरवरचं पुष्कळ बदललं. अकरावीची मॅट्रिक गेली, प्री-डिग्री आणि इंटर गेले. दहावीची पहिली बॅच १९७५ मध्ये आणि बारावीची पहिली १९७७ मध्ये बाहेर पडली, मग तीन वर्षांची पदवी रुळली. वार्षिक परीक्षेच्या जागी सेमिस्टर आली. मुंबई विद्यापीठात २०११-१२ च्या सुमारास क्रेडिट आणि ग्रेड आले, इंटर्नलचे मार्क आले, त्यांचं प्रमाणही मागाहून बदललं. पण शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही १८५७ ची बैठक संलग्न कॉलेजांत विद्यापीठाच्या परीक्षेपुरती अजून तशीच आहे.

आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. आमचे फिजिकल केमिस्ट्रीचे सर थर्मोडायनॅमिक्स असं शिकवायचे की खिडकीबाहेर उभी असलेली आर्ट्सची मुलंही ऐकत राहायची. एंट्रॉपीवर त्यांनी सलग तीन तास घेतले होते, सिलॅबसमध्ये नसलेलं कितीतरी सांगितलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" सर खरं बोलणारे. "नाही," म्हणाले. वर्गातली सगळी पेनं खाली गेली. माझंही. सरांचा आमच्यावर अधिकार होता तो फक्त हजेरीपुरता. मार्क देणारा कुणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर, बसलेला असायचा. त्याने आम्हाला पाहिलेलं नसायचं, त्याच्यापुढे गठ्ठा असायचा आणि गठ्ठ्यावर मानधन. मग आम्ही त्या न पाहिलेल्या माणसासाठी तयार व्हायला शिकलो. मागच्या पाच वर्षांचे पेपर, गाईड, आयएमपी प्रश्न, अधोरेखित व्याख्या, दोन जास्तीच्या पुरवण्या.

दुसऱ्या वर्षी त्याच विषयात मला इतके कमी मार्क पडले की सरांनाही विश्वास बसेना. अर्ज केला, फी भरली. पडताळणी म्हणजे फक्त बेरीज पुन्हा करणं, हे तेव्हा कळलं. "बदल नाही" असं छापील कार्ड आलं. माझी उत्तरपत्रिका मी कधीच पाहिली नाही. मी कुठे चुकले होते की तो चुकला होता, हे मला अजून माहीत नाही, आणि इतक्या वर्षांनीही ते सलतं.

आता माझ्या मुलीचं सांगते. तिला शिकवणारे प्रोफेसरच तिचा पेपर काढतात आणि तेच, त्यांच्या सहायकांना हाताशी घेऊन, तपासतात. दर आठवड्याला युबुंग्सब्लाट, म्हणजे सोडवून द्यायचा सरावाचा कागद, असतं. निम्मे गुण मिळवले नाहीत तर क्लाउजूरला, म्हणजे शेवटच्या लेखी परीक्षेला, बसता येत नाही, पण त्या गुणांपैकी एकही शेवटच्या ग्रेडमध्ये धरला जात नाही. त्यामुळे ते फुकट वाटून कुणाचं भलं होत नाही. निकालानंतर आइनझिश्ट. ठरल्या दिवशी, ठरल्या खोलीत, आपली उत्तरपत्रिका समोर घेऊन बसायचं, लाल पेनाने काय लिहिलंय ते वाचायचं, पटलं नाही तर तिथेच विचारायचं. पहिल्या सेमिस्टरला ती दीड गुण वाढवून घेऊन आली आणि मेन्सातून, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमधून, मला फोन केला. ती हसत होती. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

म्हणून "परदेशात असंच असतं" म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय की परदेशातून तुम्ही क्रेडिटं तेवढी उचललीत. इथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाचे पंचवीस ते तीस तास, त्यात घरी बसून केलेला अभ्यासही मोजतात. आपल्याकडे थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास असा हिशेब वेळापत्रकात बसवतात आणि घरच्या तासांची चौकशी कुणी करत नाही.

आणि "परदेशी खूळ" म्हणणाऱ्यांनाही सांगायचंय. हे जर्मनांनाही परकंच होतं. युरोपभर पदव्यांची रचना सारखी करणाऱ्या १९९९ च्या बोलोन्या करारानंतर इथली जुनी डिप्लोम आणि मागिस्टरची पदवी मोडून बॅचलर-मास्टर आणलं, तेव्हा इथले प्रोफेसर अगदी आपल्या मास्तरांच्या भाषेत बोलत होते: विद्यापीठाची शाळा झाली, पोरं परीक्षेपुरतं घोकतात आणि विसरतात, पूर्वी माणूस घडायचा. २००९ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, लेक्चर हॉल अडवून बसले. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाने इंजिनिअरिंगची डिप्लोम पदवी आजवर सोडलेली नाही. कायद्याचा अभ्यासक्रम तर या बदलात आलाच नाही, तिथे श्टाट्सएक्झामेन, म्हणजे सरकारी परीक्षाच, चालू आहे. एवढं सगळं झालं, पण कितीही आरडाओरडा होऊनही प्रोफेसरच्या हातातून पेपर कुणी काढून घेतला नाही.

आता आपल्या बाजूचंही बोलते, कारण इथल्या मराठी मंडळातली काही माणसं एटीकेटीचं, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या सोयीचं, नाव काढलं तरी नाक मुरडतात. इथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयात तीनदा नापास झालात की संपलं. नाव काढून टाकतात, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पुन्हा घेता येत नाही. आमच्या शेजारच्या मुलाचं गणितात असं झालं. दोन वर्षांची मेहनत एका पत्राने संपली, आणि त्याची आई जिन्यात भेटली तरी नजर चुकवायची. आपल्याकडे केटी राहिलेला मुलगा दिवसा दुकानात उभा राहून चार वर्षांनी तो विषय सोडवतो आणि पदवी घेतो. मी अशा मुलांबरोबर शिकले. ज्याच्या घरात शिकणारा तो पहिलाच आहे, त्याला पुन्हा दार ठोठावू देणारी ती सोय आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो. ओजेटीचंही तेच. कामाबरोबर शिक्षण ही जर्मनीकडून आणलेली नवलाई असल्यासारखं सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये पोरं शेतात आणि वसतिगृहात राबून शिकत होती, त्या काळी माझ्या ऑफिसमधल्या आजच्या वेर्कश्टुडेंटांचे (शिकता शिकता नोकरी करणाऱ्या मुलांचे) आजोबाही शाळेत असतील.

मग आपल्या मास्तरांच्या हातात पेपर का देत नाही? नव्या धोरणात ती वाट कागदावर आहे. पंधरा वर्षांत संलग्नता टप्प्याटप्प्याने संपवायची, कॉलेजांनी स्वायत्त व्हायचं. वाट चांगली आहे. पण चालायचं कुणी? भाच्याच्या विभागात शिकवणारे बरेचसे सीएचबीवर आहेत, तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर नाहीत, पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे त्यांना ठाऊक नाही. अशा माणसाने इंटर्नलला चाळीसपैकी अठरा दिले तर मुलगा, पालक, प्राचार्य सगळे त्यालाच जाब विचारणार. तो अडतीस देतो. मी त्याच्या जागी असते तर मीही अडतीस दिले असते. इंटर्नलचे मार्क खिरापतीसारखे वाटतात म्हणून ग्रुपवर मास्तरांना शिव्या घालणाऱ्या माझ्या मित्रांनी त्या मास्तरची पगाराची स्लिप एकदा मागून बघावी. माझ्या मुलीचा प्रोफेसर अर्ध्या वर्गाला नापास करतो आणि रात्री शांत झोपतो, कारण त्याच्या नोकरीला कुणी हात लावू शकत नाही.

यंत्राने हे सुटणार नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तरी एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आहे आणि तिचा उल्लेख आमच्या ग्रुपवर एकानेही केला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे. माझ्या मते १८५७ नंतर आपल्या परीक्षांमध्ये विद्यार्थ्याच्या बाजूने झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

हे सगळं मला इतकं का लागतं, असं मुलगी विचारते. मी इथे आले तेव्हा माझ्या पदवीचं इथल्या ग्रेडमध्ये रूपांतर केलं गेलं. कमाल मार्क १००, पासिंग ३५, माझे ६४ टक्के. रूपांतराच्या सूत्रात घातले आणि २.७ आले; इथे १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आमच्या गावात ६४ टक्क्यांची फर्स्ट क्लास मुलगी म्हणून माझं नाव फळ्यावर लागलं होतं. इथल्या टेबलावर मी मध्यम ठरले. भाच्याला आज ९२ टक्के आहेत, पासिंग ४०, त्याच सूत्रात त्याचे १.४ होतात. तो हुशार आहे, पण माझ्याहून इतका हुशार आहे का? हे मी कुणाजवळ बोलत नाही. वार्षिक परीक्षेची बाजू घेणाऱ्या मित्रांवर चिडते तेव्हाही मनात कुठेतरी वाटत असतं, हे माझ्या ६४ टक्क्यांचीच बाजू घेतायत. आणि त्यांनी ती घ्यावी असंही वाटतं. इथे माझ्या आयुष्यात घर आहे, नोकरी आहे, पासपोर्टही इथला आहे. पण मला कुणी तोललं असेल तर ते तिथल्या परीक्षेने, आणि तो निकाल मी अजून मान्य केलेला नाही. म्हणून त्या भांडणातून मला बाहेर काढलं की माझ्या हक्काचं काहीतरी हिसकावल्यासारखं वाटतं.

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की ग्रुपवर प्रचाराचे फोटो फिरतात. मी पदवीधर आहे, पण त्या मतासाठी भारताचं नागरिकत्व लागतं आणि मतदारसंघात राहावं लागतं. माझ्याकडे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, मत नाही. तुमच्याकडे आहे. उमेदवार दारात आला की त्याला तीन वर्षं की चार वर्षं हे विचारू नका. तुमच्या तालुक्यातल्या कॉलेजात सीएचबीवरचे किती मास्तर कायम करणार आणि कधीपर्यंत, ते विचारा. आणि भाच्या, येत्या निकालानंतर तुझ्या उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज कर. मार्क चांगले असले तरी कर, आणि ती घेऊन तुझ्या सरांकडे जा. फी मी पाठवते.