अहो, गाणं संपू तर द्या!

ताज्या अपडेटनंतर गाण्यांच्या अ‍ॅपनं क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यावरच पुढचं चढवण्याची सोय, परस्पर चालू करून ठेवलंय. बारा सेकंद! आणि घाला कुठे पडावा? तर 'लॉस एन्डॉस'च्या शेवटावर.

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या 'अ ट्रिक ऑफ द टेल' अल्बमचं शेवटचं गाणं आहे हो ते, 1976 चं. 1975 मध्ये गायक पीटर गेब्रिएल बँड सोडून गेला, ऑडिशन घेऊन घेऊन धड गायक मिळेना, शेवटी ड्रमवरचा फिल कॉलिन्सच माइकसमोर उभा राहिला. त्या अल्बमच्या अखेरीस 'डान्स ऑन अ व्हॉल्कॅनो' आणि 'स्क्वाँक' ही त्यातलीच आधीची गाणी पुन्हा डोकावतात, आवाज विरत जातो आणि त्या विरण्यातच कॉलिन्स 'सपर्स रेडी'तले शब्द हळूच गातो. गेब्रिएलच्या काळातलं गाणं! नाव न घेता दिलेला निरोपच म्हणायचा. कान टवकारले तरच ऐकू येतो. आणि बरोब्बर तिथेच ऑटोप्ले कुठलंतरी ढिंच्याक घुसवतं. मयताला खांदा देताना मागून डीजे यावा तसं.

क्रॉसफेड शून्यावर आणा, ऑटोप्ले बंद करा, शफलचं ते बटण तर उखडूनच टाका. नॉर्मलायझेशनही बंद. गाण्यागणिक आवाज सारखा करण्याच्या नादात याच अल्बमच्या 'एन्टँगल्ड'मधल्या नाजूक बारा तारांच्या गिटारी फुगवून 'व्हॉल्कॅनो'च्या पंगतीला बसवतात. शांत गाणं शांत का असतं, हे यांना कोण सांगणार?

पन्नास वर्षं जुन्या फेड-आउटपायी रक्तदाब वाढवून घेणाऱ्याला लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवू नये, हे मान्य. पण मग याच अल्बमच्या 2007 च्या रीमिक्सचं काय? रीमास्टर नव्हे, रीमिक्स! मूळ मल्टिट्रॅकवरून, म्हणजे वाद्यांच्या सुट्या ध्वनिमुद्रणांवरून, सगळं नव्यानं मांडलेलं, वर कॉम्प्रेशन दाबून, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच कमी करून. मूळ मिक्स हवं तर जुना एलपी नाहीतर 1994 ची रीमास्टर सीडी शोधत फिरा. एलपीच्या एकेका बाजूला पंचवीसेक मिनिटं कोंबलेली, त्यामुळे 'लॉस एन्डॉस' पार आतल्या खाचांत. सुई घासलेली असली की तिथेच खरखर. म्हणजे इथेही मार त्याच शेवटाला.

आणि 'गेब्रिएल गेला तिथेच जेनेसिस संपली' म्हणणारे महाभाग! हा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला होता. शिवाय संस्थापक तर अँथनी फिलिप्सही होता, तो 1970 मध्येच बँड सोडून गेला. त्याच्या नावानं कधी कुणी गळा काढलाय?