काका, तुम्ही आलात कसे?

आमच्याकडे न्यू जर्सीत संक्रांतीचा कार्यक्रम शक्यतो जानेवारीतल्या लाँग वीकेंडलाच असतो. का, तर सोमवारी सुट्टी, म्हणजे लांबून येणाऱ्यांना रात्री उशिरा घरी जायचं टेन्शन नाही. ती सुट्टी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंगच्या वाढदिवसाची, हे माहीत असतं सगळ्यांना, कॅलेंडरवर छापलेलं असतं तेवढं.

तर ह्या वर्षी गुळपोळी खाता खाता त्या सुट्टीचा विषय निघाला आणि आमचे एक काका, सत्तरच्या आसपास आलेले, म्हणाले, "आपण बघ, खिशात आठ डॉलर घेऊन आलो, मोर्चे काढले नाहीत, कुणापुढे हात पसरला नाही, आणि हे लोक अजून रडतायत." काका मनाचे फार चांगले, मी पहिल्यांदा आले तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आलेले, त्यामुळे तिथे वाद नाही घातला. पण घरी येऊन झोप लागेना, म्हणून इथे लिहितेय.

काका, तुम्ही मुळात आलात कसे?

ह्या देशाचा १७९० चा कायदा म्हणायचा की बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक होणार तो फक्त गोरा माणूस. १९२३ ला भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता बरं का, त्याची केस सुप्रीम कोर्टात गेली, आणि कोर्ट म्हणालं की तू काही गोरा नाहीस. नुसतं तेवढंच नाही, ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालेलं त्यांचंही काढून घ्यायला लागले. वैष्णो दास बगाई म्हणून कॅलिफोर्नियात दुकान चालवणारे गृहस्थ होते, त्यांचं गेलं, त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. मग १९४६ ला दार जरासं किलकिलं झालं, अख्ख्या भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा. शंभर! आमच्या कार्यक्रमाला त्याहून जास्त लोक तर नुसते जेवायच्या वेळेला उगवतात.

आणि मग १९६५. मधे काय झालं होतं? अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वंशभेदाविरुद्ध ३८१ दिवस कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार घातला, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका रोज मैलोन् मैल चालत कामावर गेल्या. १९६३ ला त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये शाळेतल्या पोरांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फुटली आणि ते देशभर टीव्हीवर दिसलं. वंशभेद चालणार नाही असा कायदा १९६४ ला झाल्यावर, कुठल्या देशात जन्मलास त्यावरून माणूस आत घ्यायचा हे कुठल्या तोंडाने चालू ठेवणार? ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आपल्याला १०० च्या जागी वर्षाला २०,००० पर्यंत वाट मोकळी झाली. बाकीही कारणं होती, शीतयुद्ध होतं, इटालियन-ज्यू मंडळींचा रेटा होता, आणि खरं सांगायचं तर सही करणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं की आपण एवढे येऊ. पण त्या आंदोलनाशिवाय हे तेव्हा झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

म्हणजे मोर्चे निघालेच की काका, फक्त आपल्या वाट्याचे दुसऱ्यांनी काढले. आणि पुढे कायद्याने डॉक्टर-इंजिनिअर निवडून घेतले, त्यांचं शिक्षण आपल्याकडच्या सरकारी कॉलेजात जवळजवळ फुकटात झालेलं. अशी चाळण लावून घेतलेल्यांनी बाकीच्यांना मेहनत शिकवायची म्हणजे जरा जास्तच होतं.

गंमत म्हणजे त्यांच्या लढ्याशी आपलं हे नातं मुंबईतल्या पोरांना कधीच कळलं होतं. १९७२ ला नामदेव ढसाळ, ज. वि. पवार वगैरेंनी दलित पँथर काढली, ती कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच. आम्ही इथे राहतो, आम्हाला पत्ता नाही. (आमच्यात जातीचा विषय निघाला की लगेच कुणीतरी चहा आणायला उठतं, ते वेगळंच.)

'अजून रडतायत' म्हणता, तर सेल्मातल्या लोकांनी रक्त सांडून मिळवलेल्या मतदानाच्या हक्काच्या कायद्याचे मुख्य दात सुप्रीम कोर्टाने २०१३ ला काढून टाकले. म्हणजे भांडण संपलंय कुठे?

काल कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, पुढच्या संक्रांतीला १० मिनिटं ह्या विषयावर देऊया, मी बोलते, स्लाईड्सपण मीच करते. चार अंगठे आले. मग एकीचा मेसेज, "छान आयडिया गं! पण मग वाणाचं कोण बघणार?"